नाशिकहून राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधी कसे होता येते? पात्रता आणि कागदपत्रे

काँग्रेस असो वा भाजप, पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाच्या मांडवात बसायला पास पुरतो. मत द्यायचे असेल तर मात्र प्रतिनिधी म्हणून नाव यादीत असावे लागते, आणि ती यादी तालुक्यापासून तयार होत वर जाते. त्यामुळे येवल्याच्या किंवा सुरगाण्याच्या काँग्रेस कार्यकर्त्याने पहिली चौकशी आपल्या ब्लॉक (साधारण तालुका पातळीच्या) अध्यक्षाकडे करावी.

काँग्रेसमध्ये वय १८ पूर्ण हवे आणि दुसऱ्या कोणत्याही पक्षाचे सदस्यत्व नसावे. पक्षाच्या घटनेनुसार प्रत्येक ब्लॉकमधून एक जण गुप्त मतदानाने प्रदेश काँग्रेस समितीवर निवडला जातो. प्रदेश समितीचा सदस्य हाच अधिवेशनाचा प्रतिनिधी. प्रत्यक्षात नाव बऱ्याचदा आधीच एकमताने ठरते. म्हणून संघटनात्मक निवडणुकीचा कार्यक्रम लागला, की ज्यांना उभे राहायचे आहे त्यांनी निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तोंडी शब्दावर विसंबू नका.

सोबत सदस्यत्वाची पावती किंवा डिजिटल नोंद, मतदार ओळखपत्र, छायाचित्र आणि चालू मोबाईल क्रमांक ठेवा. मतदार यादीतले नाव आणि सदस्य नोंदणीतले नाव अक्षरशः जुळते का, हे आधीच पाहा. आडनावाच्या एका वेलांटीवरूनही हरकत येऊ शकते. निवड झाल्यावर प्रदेश समितीकडून प्रतिनिधीचे प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.

या मताला वजन आहे. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी पक्षाध्यक्षपदासाठी याच प्रतिनिधींनी मतदान केले. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली. उमेदवाराचे नाव सुचवायलाही दहा प्रतिनिधींच्या सह्या लागतात. नाशिकला हे नवे नाही. सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन इथेच भरले होते आणि त्याचे अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन याच प्रतिनिधींच्या मतांवर आचार्य कृपलानींना हरवून आले होते. त्याआधी, १९२० च्या नागपूर अधिवेशनात चार आणे वर्गणीचे सदस्यत्व आणि लोकसंख्येनुसार प्रतिनिधी ही पद्धत ठरली. तोवर सार्वजनिक सभा आणि स्थानिक संस्थाच प्रतिनिधी निवडून पाठवत.

भाजपची वाट वेगळी. तिथे आधी प्राथमिक, मग सक्रिय सदस्य व्हावे लागते, आणि संघटनेतल्या पदांसाठी सक्रिय सदस्यत्वच विचारले जाते. राष्ट्रीय परिषदेवरचे, म्हणजे पक्षाच्या देशपातळीवरच्या प्रतिनिधी मंडळावरचे, सदस्य राज्य पातळीची प्रदेश परिषद निवडते. राज्यात लोकसभेच्या जितक्या जागा, तितके हे निवडून जाणारे सदस्य. म्हणजे महाराष्ट्रातून ४८. नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला नाशिक आणि दिंडोरी हे दोन पूर्ण मतदारसंघ येतात. मालेगाव आणि बागलाणकडचा भाग धुळे मतदारसंघात जातो. जागा मोजक्या, आणि सक्रिय सदस्यत्वाचे नूतनीकरण चुकले तर स्पर्धेत उतरताच येत नाही. पावती जपून ठेवा आणि मंडल (जिल्ह्याखालच्या पक्ष शाखेच्या) अध्यक्षाकडच्या यादीत स्वतःचे नाव डोळ्यांनी पाहून घ्या.