थीम पार्कच्या बाजारपेठेतील संगीतगृह बदलणे

थीम पार्कच्या प्रवेशद्वाराबाहेर, तिकिटाशिवाय फिरता येणारी दुकाने, उपाहारगृहे व करमणुकीच्या जागा यांची जी बाजारपेठ असते, तिच्यातील कॉन्सर्ट हॉल बंद करून त्या जागी दुसरा व्यवसाय बसवण्याची प्रक्रिया. अमेरिकेत १९९० च्या सुमारास अशा बाजारपेठांमध्ये रात्रीचे क्लब व संगीतगृहे आवर्जून बांधली गेली; पुढील तीन दशकांत त्यांतील बरीच बदलली. अभ्यासाला सर्वांत सोपे उदाहरण कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील डाउनटाउन डिस्ने या बाजारपेठेतील ‘हाउस ऑफ ब्लूज’चे आहे, कारण तेथे जुने संगीतगृह बुडाले नाही. ते जवळच मोठे होऊन उभे राहिले आणि मूळ जागी बोलिंगचे केंद्र आले. बदलाचे कारण तोटा एवढेच नसते, हे त्यावरून दिसते.

डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झाले. डाउनटाउन डिस्ने १२ जानेवारी २००१ रोजी उघडले आणि त्यानंतर चार आठवड्यांनी, ८ फेब्रुवारीला, डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे दुसरे उद्यान. दोन उद्यानांमधील चौकापासून डिस्नेलँड हॉटेलपर्यंत जाणारा हा पादचारी रस्ता आहे. ग्रँड कॅलिफोर्नियन हॉटेलचा एक दरवाजा थेट या रस्त्यावर उघडतो आणि मोनोरेलचे स्थानकही याच पट्ट्यात आहे. हाउस ऑफ ब्लूज येथे पहिल्या दिवसांपासून होते. साधारण हजार श्रोत्यांचा हॉल, जोडीला उपाहारगृह आणि रविवारी गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते) गाण्यांसह जेवण असे त्याचे स्वरूप होते.

हाउस ऑफ ब्लूजची सुरुवात १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे झाली. संस्थापकांपैकी आयझॅक टिग्रेट हे त्याआधी हार्ड रॉक कॅफेचे सहसंस्थापक होते. ते पुट्टपर्थीच्या सत्य साईबाबांचे भक्त. हार्ड रॉकमधील आपल्या वाट्याच्या विक्रीतून आलेला पैसा त्यांनी तेथील रुग्णालयासाठी दिला. या साखळीच्या रंगमंचांवर जगातील प्रमुख धर्मांची चिन्हे एका ओळीत दिसतात, त्यामागे हीच पार्श्वभूमी आहे. प्रत्येक रंगमंचाखाली मिसिसिपीच्या खोऱ्यातील मातीची पेटी ठेवण्याचाही प्रघात आहे. हॉल हलवताना हे तपशील महत्त्वाचे ठरतात, कारण भिंतींवरील लोककला, पडदे, ध्वनियंत्रणा आणि ती मातीची पेटी हे सारे भाडेकरूचे असते. इमारतीचा सांगाडा, पाया व सेवावाहिन्या जागामालकाकडे राहतात. साखळी २००६ मध्ये लाइव्ह नेशन या संगीत कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीने विकत घेतली.

अनाहाइमचा जुना हॉल मे २०१६ च्या अखेरीस बंद झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो कटेला अ‍ॅव्हेन्यूवरील अनाहाइम गार्डनवॉक या खुल्या मॉलमध्ये नव्याने उघडला. तेथील मुख्य हॉल सुमारे २,२०० श्रोत्यांचा, म्हणजे जुन्याच्या दुपटीहून मोठा. डाउनटाउन डिस्नेतील जागेवर जानेवारी २०१८ मध्ये ‘स्प्लिट्सव्हिल लक्झरी लेन्स’ हे दोन मजली, २० लेनचे (म्हणजे चेंडू सोडून टोकाच्या पिना पाडण्याच्या २० पट्ट्यांचे) बोलिंग केंद्र व उपाहारगृह सुरू झाले. हीच कंपनी फ्लोरिडात, वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या बाजारपेठेत, २०१२ पासून चालत होती. तेथेही तिने एक मोठे संगीतविक्रीचे दुकान बंद झालेली जागा घेतली होती.

गर्दीचा हिशेब

कॉन्सर्ट हॉल आणि बाजारपेठ यांच्या वेळा जुळत नाहीत. हॉलचे दार सायंकाळी उघडते, कार्यक्रम तीन ते चार तास चालतो आणि नाट्यप्रयोग सुटल्यावर प्रेक्षक जसे एकदम बाहेर पडतात तसे हजार लोक एकाच वेळी रस्त्यावर येतात, तेही बहुतेक दुकाने मिटण्याच्या सुमारास. दुपारी हॉल बंद, त्याचा दर्शनी भाग रस्त्यावर मुका. शिवाय श्रोता गाण्यासाठी आलेला असतो. तो पार्कचे तिकीट घेईलच असे नाही.

वाहनतळाने हे गणित आणखी बिघडते. डाउनटाउन डिस्नेत त्या काळी पहिले तीन तास वाहन उभे करणे मोफत होते आणि बसून जेवण्याच्या उपाहारगृहात शिक्का मारून घेतल्यास आणखी दोन तास मिळत. दार उघडण्याची वाट पाहणे, सुरुवातीचा कलाकार, मुख्य कलाकार आणि परतीची चाल धरली तर एक कार्यक्रम ही पाच तासांची मर्यादा पूर्ण खातो. हजार श्रोते अडीच माणसांमागे एक गाडी या हिशेबाने आले तरी ४०० जागा संध्याकाळभर अडतात, आणि याच वेळी जेवायला येणाऱ्या कुटुंबांना त्याच जागा हव्या असतात.

बोलिंगचे चित्र वेगळे. एका लेनवर सहा जण धरले तर २० लेनवर एका वेळी १२० खेळाडू. तासाला एक गट या गतीने दहा तास चालल्यास कागदोपत्री १,२०० माणसे होतात. म्हणजे दिवसाची एकूण संख्या हॉलइतकीच, पण ती दिवसभर पसरलेली. प्रत्यक्षात सकाळच्या लेन रिकाम्या राहतात आणि गट उशीर करतात, त्यामुळे आकडा खालीच येतो. म्हणून अशा केंद्रांची खरी कमाई स्वयंपाकघर व बार यांच्यावर उभी असते. लेन हे ग्राहकाला टेबलाजवळ तासभर बसवून ठेवण्याचे साधन, असे म्हटले तरी चालेल.

इमारतीत काय बदलते

अमेरिकन बांधकाम संहितेत नाइट क्लब व उपाहारगृहे एका गटात, तर बोलिंग केंद्रे दुसऱ्या गटात मोडतात. गट बदलला की बाहेर पडण्याचे मार्ग, अग्निशमन व स्वच्छतागृहे पुन्हा तपासावी लागतात. उभ्या श्रोत्यांसाठी माणशी ५ चौरस फूट, म्हणजे सुमारे ०.४६ चौ. मी., धरतात, खुर्च्या-टेबलांसाठी १५ चौरस फूट, म्हणजे सुमारे १.४ चौ. मी. बोलिंगमध्ये दर लेनमागे पाच माणसे मोजतात आणि बाकीचे क्षेत्र वेगळे. हजार उभ्या श्रोत्यांना ४६० चौ. मी. निव्वळ जमीन पुरते, तेवढ्याच जमिनीवर टेबले मांडली तर साधारण ३३० माणसे मावतात. त्यामुळे जुन्या हॉलचे दरवाजे व जिने नव्या वापराला बहुधा पुरून उरतात. अडचण स्वयंपाकघराकडून येते. धुराडे, चरबी अडवणारी टाकी आणि वाढलेली गॅसजोडणी यांना जुन्या आराखड्यात जागाच नसते.

जमिनीवरील भाराचे आकडे अनेकांना उलटे वाटतात. रंगमंचाच्या तळासाठी दर चौरस मीटरला सुमारे ७३० किग्रॅ., मोकळ्या श्रोतृभागासाठी ४९० किग्रॅ. आणि बोलिंगसाठी फक्त ३६५ किग्रॅ. चल भार (माणसे व हलते सामान यांचे वजन) धरतात. म्हणजे नाचणाऱ्या गर्दीसाठी बांधलेला स्लॅब बोलिंगला सहज पेलतो. अडते ते पातळीवर. लेनची फाउल रेषेपासून (चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते) पहिल्या पिनपर्यंतची लांबी ६० फूट, म्हणजे १८.२९ मी.; रुंदी ४१.५ इंच, म्हणजे १०५.४ सेंमी.; धावण्यासाठी मागे किमान १५ फूट, म्हणजे ४.५७ मी. स्पर्धेच्या नियमानुसार लेनच्या पृष्ठभागात ४० सहस्रांश इंचापेक्षा, म्हणजे साधारण एका मिलिमीटरपेक्षा, अधिक चढ-उतार चालत नाही. करमणुकीच्या केंद्रांना तेवढे काटेकोर बंधन नसले तरी लेन बसवणारे कारागीर त्याच मापाने काम करतात.

कॉन्सर्ट हॉलची जमीन मात्र सपाट नसतेच. मागच्या श्रोत्यांना दिसावे म्हणून पायऱ्या किंवा उतार असतो, बार एका टप्प्यावर, ध्वनिनियंत्रणाचा चौथरा दुसऱ्यावर. हे खड्डे नुसत्या काँक्रीटने भरल्यास वजन वाढते. विद्यमान इमारतींच्या संहितेत एखाद्या घटकावरील गुरुत्वभार ५ टक्क्यांहून अधिक वाढला तर तो घटक मजबूत करणे सक्तीचे होते, आणि भूकंपाच्या आडव्या बलाबाबत ही सीमा १० टक्के आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात ती टाळून चालत नाही. म्हणून खोलगट भागात हलके फोमचे ठोकळे रचून वर पातळ काँक्रीटचा थर देतात. काँक्रीट पुरेसे वाळण्याआधी वर लाकडी चौकट ठोकण्याची घाई हे पुढच्या तक्रारींचे नेहमीचे मूळ. ओल वर चढते, लाकूड फुगते, पाचर सरकतात, आणि उघडल्यानंतर काही महिन्यांत चेंडू एका बाजूला वळू लागतो. उद्‍घाटनाची तारीख सुटीच्या हंगामाला बांधलेली असल्याने ही घाई बहुधा होतेच.

दोन लेनची जोडी, मधल्या चेंडू-परतीच्या मार्गासह, सुमारे साडेतीन मीटर रुंद असते. पिन उचलणारे यंत्र व त्यामागील दुरुस्तीची वाट धरून लांबी जवळपास २६ मी. होते, आणि आसने त्याच्या पुढे. २० लेन एका रांगेत घालायच्या तर ३५ मी. रुंदीचा खांबविरहित पट्टा लागेल; जुन्या हॉलमध्ये तो क्वचितच मिळतो. त्यामुळे लेनचे छोटे गट करून मध्ये टेबले पेरतात. हॉलची उंची जास्त असल्याने मधला मजला घालण्याचा मोह होतो. तो घालायचा तर त्याचे खांब जुन्या स्लॅबवर टेकवून भागत नाही, खाली नवे पाये घ्यावे लागतात.

आवाज

जुन्या हॉलच्या भिंती दुहेरी असतात, मधे हवेची पोकळी आणि आत काळे शोषक पॅनेल. मुख्य शत्रू खालचे स्वर. ६३ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जवळपास साडेपाच मीटर असते. पातळ पॅनेल तिला शोषत नाही, आणि भिंतीचे वस्तुमान दुप्पट केले तरी रोध साधारण ६ डेसिबलनेच वाढतो. म्हणूनच बाजूलाच हॉटेलच्या खोल्या असलेल्या बाजारपेठेत बास गिटार व ढोलाचा ठोका हा कायमचा प्रश्न राहतो.

बोलिंग आल्यावर हवेतून जाणारा आवाज कमी होतो, पण जमिनीतून जाणारा वाढतो. सोळा पौंडी, म्हणजे सव्वासात किलोचा चेंडू लाकडावर आदळतो, दीड किलोच्या दहा पिन खड्ड्यात कोसळतात. हे हादरे स्लॅबमधून थेट शेजारच्या दुकानात जातात. जुन्या दुहेरी भिंती येथे काहीच मदत करत नाहीत. लेनची चौकट व पिनयंत्रे रबराच्या गाद्यांवर तरंगती ठेवणे हा उपाय, आणि तो लेन बसवण्यापूर्वीच करावा लागतो. नंतर करायचा तर सगळे उकलावे लागते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सजावट बदलताना काळी शोषक पॅनेल कुरूप म्हणून काढून टाकणे. मग काच, लाकूड आणि उंच छत यांत आवाज घुमत राहतो आणि टेबलावरच्या माणसाला ओरडून बोलावे लागते.

वायुवीजनाचेही तसेच. नाचाच्या जागेसाठी माणशी सेकंदाला सुमारे १० लिटर ताजी हवा धरतात, बोलिंगच्या बैठकीसाठी ५ लिटर. जुनी यंत्रे त्यामुळे गरजेपेक्षा मोठी ठरतात. ती थोडा वेळ चालून बंद पडत राहतात, हवेतील ओल नीट काढत नाहीत, आणि ओल म्हणजे पुन्हा लाकडाचा प्रश्न. यंत्रे लहान करणे किंवा त्यांना वेग बदलणारे पंखे बसवणे भाग पडते.

काम चालू असताना

बाजारपेठ वर्षभर सुरू असते, तेव्हा पाडकाम सजवलेल्या पत्र्यांआड आणि मोठ्या आवाजाचे काम बाजार मिटल्यावर. माल मागील सेवामार्गाने पहाटे येतो. या बाबतीत जुन्या संगीतगृहाची जागा सोयीची असते. वाद्ये व ध्वनियंत्रणा घेऊन येणाऱ्या सोळा मीटर लांब ट्रकसाठी तेथे धक्का आधीच बांधलेला असतो, आणि नंतर तोच उपाहारगृहाच्या मालासाठी उपयोगी पडतो. छतातील दिवे-स्पीकर टांगण्याच्या बिंदूंची क्षमता दाखवणारी जुनी कागदपत्रे मात्र बरेचदा भाडेकरूबरोबर निघून जातात. ती हस्तांतराच्या वेळीच मागून घ्यावीत. नाहीतर नवे झुंबर टांगण्यापूर्वी प्रत्येक तुळईचा भार पुन्हा काढावा लागतो.

संगीताचे पुढे काय

मोठा हॉल गेला तरी अशा बाजारपेठेतून संगीत हद्दपार होत नाही, ते लहान तुकड्यांत विखुरते. डाउनटाउन डिस्नेच्या पश्चिम टोकाचे सिनेगृह पाडल्यानंतर त्या बाजूला हिरवळ आणि छोटा उघडा मंच आला. तेथे गाणे ऐकायला तिकीट लागत नाही. २००१ पासूनच्या जॅझ किचन या उपाहारगृहातही जिवंत संगीताची परंपरा होती. श्रोत्यांच्या बाजूने पाहता हा सौदा एकतर्फी आहे. उघड्या मंचावर फिरते बँड तिकीट विकून कार्यक्रम करू शकत नाहीत, आणि ज्यांना तसे करायचे त्यांना गार्डनवॉकला जावे लागते.

फ्लोरिडात हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील प्लेझर आयलंड हा रात्रीच्या क्लबांचा समूह १ मे १९८९ रोजी सुरू झाला आणि त्याचे उरलेले सहा क्लब २७ सप्टेंबर २००८ रोजी एकदम बंद झाले. त्यांतील मॅनेकिन्स या नृत्यक्लबची इमारत २०१५ मध्ये मोरिमोटो एशिया हे उपाहारगृह झाली. त्याच वर्षी संपूर्ण बाजारपेठेचे नाव डिस्ने स्प्रिंग्ज ठेवले गेले. तेथील हाउस ऑफ ब्लूज मात्र १९९७ पासून जागेवर आहे. त्या बाजारपेठेतील बहुमजली वाहनतळ मोफत आहेत, म्हणून रात्री उशिरापर्यंत उभी राहणारी श्रोत्याची गाडी तेथे कोणाच्या तासांच्या हिशेबात येत नाही.