एआयच्या मदतीने प्रोग्रॅमिंग शिकणे : कोल्हापूर परिसर

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय, गिटहब कोपायलट यांसारख्या साधनांना शंका विचारत आणि त्यांच्याकडून चुका तपासून घेत स्वतःचे कोड लिहिण्याचे कसब वाढवणे, असा या विषयाचा अर्थ आहे. साधनाकडून आयता कोड लिहवून घेणे ही वेगळी गोष्ट. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, म्हणून शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याचीही गल्लत होते.

कोल्हापुरात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला सर्वांना ठाऊक असलेला : शिवाजी विद्यापीठ (स्थापना 1962), गोकुळ शिरगावचे केआयटी (1983), कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय (1984) आणि शासकीय तंत्रनिकेतन येथील विद्यार्थी. दुसऱ्याला कोणी प्रोग्रॅमर म्हणत नाही, पण तो आहेच : शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीत सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या) मशिनवर जी-कोड, म्हणजे त्या आज्ञांचा प्रोग्रॅम, लिहिणारे, दुरुस्त करणारे ऑपरेटर आणि मशिन लावून देणारे सेटर. या विषयाचा विचार दोघांना धरूनच करायला हवा.

पूर्वी कोड अडला की मित्राला किंवा सरांना विचारायचे, नाहीतर 2008 साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर शोधायचे, हाच मार्ग होता. गिटहब कोपायलट जून 2021 मध्ये मर्यादित चाचणीसाठी आणि जून 2022 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी आले. पुढच्याच महिन्यात स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटीची उत्तरे टाकण्यास मनाई केली. ती दिसायला बरोबर, पण बऱ्याचदा चुकीची असत, हे कारण होते. साधने तेव्हापासून खूप सुधारली आहेत. तरी चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठाम भाषेत देण्याचा त्यांचा गुण कायम आहे, आणि नवख्याला सर्वांत जास्त तोच फसवतो.

पंचगंगेचे उदाहरण : पावसाळ्यात कोल्हापूरकर रोज सकाळी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा नदीची पातळी पाहतो. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. पातळी दिली की ‘सुरक्षित’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ सांगणारा छोटा प्रोग्रॅम हा नवशिक्यासाठी उत्तम सराव आहे, कारण यातला प्रत्येक आकडा त्याच्या ओळखीचा असतो.

नवशिक्याची पहिली चूक क्रमाची होते. तो आधी ‘39 किंवा जास्त असेल तर इशारा’ लिहितो आणि ‘नाहीतर 43 किंवा जास्त असेल तर धोका’ ही अट त्याखाली ठेवतो. मग 45 फुटांनाही प्रोग्रॅम ‘इशारा’च म्हणतो, दुसऱ्या अटीपर्यंत तो कधी पोचतच नाही. आजची साधने ही चूक सहसा करत नाहीत. साधनाला प्रोग्रॅम लिहायला सांगितला तर क्रम बरोबर येतो आणि विद्यार्थ्याला या चुकीची गाठ पडायची राहून जाते. त्याऐवजी स्वतःचा चुकलेला प्रोग्रॅम देऊन ‘दुरुस्त करू नको, 45 दिल्यावर कोणत्या ओळीतून काय होते ते मला विचार’ असे सांगितले, तर अर्ध्या तासात जे डोक्यात बसते ते वर्षभर टिकते.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि ती साधनालाही चकवते. पातळी फूट-इंचांत जाहीर होते : 42 फूट 1 इंच, 42 फूट 10 इंच. विद्यार्थी ती सवयीने 42.1 आणि 42.10 अशी टाकतो. संगणकाला हे दोन्ही एकच आकडे! 42 फूट 11 इंच म्हणून टाकलेले 42.11 तर 42 फूट 6 इंचांच्या 42.6 पेक्षाही लहान ठरते. पाणी चढत असताना प्रोग्रॅम ते उतरले म्हणून सांगेल. आपण फूट-इंच वापरतो हे साधनाला सांगितले नाही, तर ते साधा दशांश गृहीत धरते. उपाय सोपा आहे. सगळे इंचांत मोजायचे : इशारा 468, धोका 516. मग 42 फूट 11 इंच म्हणजे 515, धोक्याच्या अलीकडे नेमका एक इंच. तपासणीसाठी 467, 468, 515 आणि 516 हे आकडे स्वतः आधी कागदावर काढावेत, उत्तरेही लिहून ठेवावीत आणि मगच प्रोग्रॅम चालवावा. उद्यमनगरात जॉब (मशिनवर केलेला भाग) गेज, म्हणजे मापाचे साधन, लावल्याशिवाय पुढे जात नाही. कोडला हे चार आकडे म्हणजे गेजच.

नदीची पातळी कशी सांगतात हे गावात राहणाऱ्याला माहीत असते. ती माहिती प्रश्नात कशी घालायची, हे शिकणे म्हणजेच प्रोग्रॅमिंगचा मोठा भाग शिकणे होय.

सीएनसीवर : इथे चूक अधिक महागात पडते, टूल तुटते किंवा चकला (जॉब पकडणाऱ्या भागाला) धडकते. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशिन चालवणाऱ्या संगणकावर) एक्स10 असे दशांशचिन्हाशिवाय लिहिले, तर सेटिंगनुसार ते 10 मिलिमीटरऐवजी 0.010 मिलिमीटर धरले जाऊ शकते. जी71 ही रफ टर्निंगची (जाडसर कापण्याची) तयार आज्ञा काही कंट्रोलवर एका ओळीत, तर काहींवर दोन ओळींत लिहावी लागते. आपल्या मशिनवर कोणता कंट्रोल आहे, टूलचा ऑफसेट (टूलच्या मापाची भरलेली दुरुस्ती) किती, चकचे जॉ (पकडणारे जबडे) कुठवर येतात, हे साधनाला दिसत नाही. म्हणून साधनाने दिलेला प्रोग्रॅम थेट जॉबवर चालवू नये. आधी ग्राफिकवर (पडद्यावरच्या चित्रात) पाहावा, मग ड्राय रन (न कापता चाचणी) घ्यावा आणि सिंगल ब्लॉकने ओळ ओळ पुढे न्यावा. शिकण्यासाठी मात्र हे साधन फार कामाचे आहे. दुकानात वर्षानुवर्षे चालत आलेला जुना प्रोग्रॅम देऊन प्रत्येक ओळ काय करते हे विचारता येते. सेटरला कामाच्या घाईत हे समजावून सांगायला सवड नसते. ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा कंपनीचा पार्ट नंबर मात्र परवानगीशिवाय अशा साधनात टाकू नये.

संशोधन काय सांगते : 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोपायलट वापरणाऱ्यांनी जावास्क्रिप्टमधील ठरलेले काम सुमारे 56 टक्के कमी वेळात पूर्ण केले. उलट 2025 मध्ये मेटर या संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रॅमरच्या 246 कामांवर प्रयोग केला, तेव्हा एआय वापरलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला. आपला वेग वाढला असेच त्यांना वाटत होते. ते लोक स्वतःच्या ओळखीच्या प्रकल्पांवर काम करत होते, हेही ध्यानात घ्यावे. शिकणाऱ्यांसाठी तुर्कस्तानातील प्रयोग जास्त बोलका आहे, जरी तो गणिताचा असला तरी. साधे एआय चॅट मिळालेल्या शालेय विद्यार्थ्यांची सरावातील कामगिरी 48 टक्के सुधारली, पण चॅट काढून घेतल्यावर परीक्षेत हे विद्यार्थी ते कधीच न वापरलेल्यांपेक्षा 17 टक्के मागे पडले. उत्तर न देता फक्त दिशा दाखवणारे साधन दिले, तेव्हा हे नुकसान जवळपास टळले.

जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) आणि ओरल (तोंडी परीक्षा) यांतला फरक शिक्षक अनेक वर्षे पाहत आले आहेत. जर्नलमधला प्रोग्रॅम पूर्ण असतो आणि परीक्षक ‘ही एक अट बदलून दाखव’ म्हणाले की हात थांबतो. साधनाशी केलेल्या सरावानंतर त्याची खिडकी बंद करून कोऱ्या फाईलवर तोच प्रोग्रॅम पुन्हा लिहिणे, ही ओरलची खरी तयारी. साधन कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे (तयार कोडच्या संचाचे) नाव सुचवते, म्हणून नवे नाव इन्स्टॉल करण्याआधी मूळ दस्तऐवजात शोधून पाहावे.

भाषा : गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडी या भागांतून मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अडथळा लॉजिकचा कमी आणि इंग्रजी एरर मेसेजचा जास्त असतो. एआय साधने हा मेसेज मराठीत समजावून सांगतात, आणि हा त्यांचा इथला सर्वांत मोलाचा उपयोग आहे. ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ म्हणावे की नाही, या वादात पडू नये. वर्गात बोलतो तशा मिश्र मराठीत विचारावे. समजल्यावर तोच मेसेज इंग्रजीत दोनदा वाचावा, म्हणजे पुढच्या वेळी तो दिसताच ओळखता येतो.