उतरलेली बॅटरी आणि गंजलेला जोड

चावी फिरवल्यावर बॉनेटखालून ‘टक्’ एवढाच आवाज येतो आणि सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) फिरत नाही. दुसऱ्यांदाही तेच होते. तिसऱ्यांदा मात्र काही झालेच नव्हते अशा थाटात गाडी सुरू होते. पंधरा-वीस वर्षे जुनी गाडी बाळगणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही, आणि त्यावर मिळणारे निदानही ठरलेले असते: ‘बॅटरी गेली.’ कधी ते बरोबरही असते. पण हर्णै, गुहागर, देवगड, मालवण अशा ठिकाणी, जेथे खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गजसुद्धा गंजून फुगतात, तेथे पुष्कळदा बॅटरी धडधाकट असते आणि बॅटरीपासून सेल्फपर्यंत व सेल्फपासून परत बॅटरीपर्यंतच्या वाटेवरचा एखादा जोड गंजलेला असतो. चालकाच्या आसनावरून हे दोन्ही दोष सारखेच भासतात, आतली गोष्ट मात्र अगदी वेगळी असते.

बॅटरी उतरणे म्हणजे साठा कमी होणे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. ती पूर्ण भरलेली आणि काही तास शांत ठेवलेली असेल तर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी उरलेली असते आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. जोड गंजणे म्हणजे साठा भरपूर असूनही वाट अरुंद होणे. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण १०० ते १५० अँपिअर ओढतो, डिझेल गाडीचा त्याहून बराच अधिक. एवढ्या प्रवाहाला एका ओहमचा पन्नासावा भाग इतका किरकोळ रोधही जड जातो: १५० अँपिअर गुणिले ०.०२ ओहम म्हणजे ३ व्होल्ट त्या जोडातच उष्णतेच्या रूपाने जातात, भाराखाली बॅटरीचे व्होल्टेजही थोडे खाली येते, आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम ८ व्होल्ट उरतात.

या आकड्यांवरूनच कळते की दिवे लावून पाहण्याची नेहमीची परीक्षा का फसवते. दोन्ही हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर घेतात; तोच ०.०२ ओहमचा जोड त्यांच्याकडून फक्त ०.२ व्होल्ट खातो, आणि एवढा फरक डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून ‘दिवे लख्ख आहेत, म्हणजे जोडण्या ठीक’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. त्या परीक्षेतून जे कळते ते चावी फिरवतानाच्या क्षणी कळते. आधीपासूनच पिवळट असलेले दिवे चावी फिरवताच आणखी मंदावत गेले, तर संशय बॅटरीवर घ्यावा. लख्ख दिवे एकदम विझले आणि चावी सोडताच पुन्हा पूर्ण तेजाने लागले, तर बॅटरीच्या अगदी जवळचा जोड तपासावा. दिवे जराही न हलता फक्त सेल्फ मुका राहिला, तर दोष त्याहून पुढे, सेल्फच्या बाजूला किंवा इंजिनच्या अर्थिंगमध्ये (प्रवाह इंजिनातून बॅटरीकडे परतण्याच्या वाटेत) असण्याची शक्यता अधिक. आवाजावरून निकाल देणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. सलग ‘टकटकटक’ वाजले की बॅटरी उतरली आणि एकदाच ‘टक्’ वाजले की जोड खराब, असे ठामपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात व्होल्टेज कोसळल्यामुळे सोलेनॉइड (सेल्फला मोठा प्रवाह जोडून देणारा चुंबकी स्विच) सुटतो, ते सावरताच पुन्हा ओढला जातो, आणि व्होल्टेज कोसळायला रिकामी बॅटरी व गंजलेला जोड ही दोन्ही कारणे सारखीच पुरतात.

मल्टिमीटरही नुसता लावला तर दिशाभूल करतो. गाडी बंद असताना सेल्फच्या मोठ्या बोल्टवर १२.६ व्होल्ट दिसले की पाहणारा निश्चिंत होतो. परंतु मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नसल्यामुळे केबलची एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण आकडा दाखवतो. वाट अरुंद आहे की नाही हे तिच्यावरून गर्दी जाऊ लागल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र काळाचा असतो. शिमग्याला गावी आणलेली गाडी अंगणात लावून चाकरमानी मुंबईला परततात आणि ती थेट गणपतीला सुरू करायला जातात. तेव्हा सेल्फ फिरला नाही, तर ती बॅटरीच, कारण उष्ण हवेत बॅटरी आपोआप लवकर उतरते आणि तशीच रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते. बॅटरीचा ऱ्हास असा पायरीपायरीने होतो: आज सेल्फ जड फिरतो, उद्या आणखी जड, परवा फिरतच नाही. जोड लहरी असतो. मी एकदा दापोलीहून तासभर गाडी चालवत दाभोळला आलो, फेरीबोटीवर रिवाजाप्रमाणे इंजिन बंद केले, आणि वाशिष्ठी ओलांडून धोपावे धक्क्याला लागल्यावर सेल्फने फक्त ‘टक्’ केले. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले, चार जणांनी धक्का देऊन गाडी वर चढवली आणि प्रत्येकाने उतरताना बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला. पण तासभर १४ व्होल्टने भरली गेलेली बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत उतरेल कशी? (गाडी चालताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर बंद पडला असता तर उतरली असती, पण चार्जिंगचा दिवा लागला नव्हता आणि नंतर मोजल्यावरही चार्जिंग ठीक निघाले.) तापमान साठ अंशांनी वाढले की तांब्याचा रोध जवळजवळ चौथ्या हिश्शाने वाढतो, त्यामुळे तापलेल्या इंजिनाजवळची केबल आणि सोलेनॉइडचे वेटोळे आधीच अडचणीत असतात, आणि थंडपणी कसाबसा चालणारा जोड अशा वेळी हात टेकतो. गाडी सकाळी अडते की तापल्यावर, हा प्रश्न मेकॅनिकने सर्वांत आधी विचारायला हवा; माझ्या अनुभवात तो क्वचितच विचारला जातो.

चुकीचे निदान इतकी वर्षे टिकून राहण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. नवी बॅटरी बसवताना मेकॅनिक दोन्ही कड्या सोडवतो, थोड्या खरवडतो आणि नव्या कोऱ्या खुंट्यांवर घट्ट आवळतो. (गॅरेजमध्ये दोन्हींना ‘टर्मिनल’च म्हणतात, घोटाळा नको म्हणून येथे बॅटरीवरच्या शिशाच्या भागाला खुंटी आणि तिच्यावर आवळलेल्या भागाला कडी म्हटले आहे.) जोड अशा रीतीने नकळत दुरुस्त होतो, गाडी पुढचा पावसाळा लागेपर्यंत बिनतक्रार चालते आणि श्रेय नव्या बॅटरीला मिळते. जंपर केबलचेही तसेच. तिचे चिमटे बहुधा कडीवर लावले जातात, म्हणजे उसना प्रवाह खुंटी आणि कडी यांच्यामधला गंज टाळून थेट गाडीत शिरतो. जंपरने गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी मेलेली होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. धक्का स्टार्टने तर काहीच सिद्ध होत नाही, कारण तेव्हा विजेचे काम फक्त ठिणगीपुरते, काही अँपिअरचे असते आणि तेवढे खराब जोडातूनही सहज जाते.

सर्वांत दुर्लक्षित जोड म्हणजे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह केबल थेट इंजिनला न जाता बॉडीला जोडलेली असेल, तर सेल्फने घेतलेला सगळा प्रवाह या पट्टीतूनच परतावा लागतो. ती खालच्या बाजूला, चिखल आणि खारे पाणी उडते तेथे असल्यामुळे तिच्या बोल्टाखाली गंजाचा थर चढतो. मग प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि जुन्या गाड्यांत ती वाट म्हणजे अॅक्सिलरेटरची, क्लचची किंवा चोकची पोलादी केबल. सेल्फ मारल्यावर यांपैकी एखादी केबल हाताला गरम लागली किंवा वारंवार अडकू लागली, तर बॅटरीकडे पाहण्याचीही गरज नाही.

खात्री करण्यासाठी मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर असावी, आणि जुन्या पेट्रोल गाडीत ठिणगीसाठीच्या कॉइलची मधली वायर काढून अर्थ करावी (इंजिनच्या धातूला टेकवून ठेवावी), म्हणजे इंजिन सुरू न होता नुसते फिरेल. मीटरची एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, कडीवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरून दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगावे. ०.५ व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर त्या बाजूला दोष आहे. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजावे, तेथे ०.२ च्या आसपास चालते, त्याहून बरेच अधिक चालत नाही. दोन्ही आकडे ठीक असून खुद्द बॅटरीच्या खुंट्यांवर व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तरच बॅटरीवर आरोप ठेवावा, आणि तोही तिला पूर्ण चार्ज करून एकदा पुन्हा पाहिल्यावर. ही मोजणी गाडी अडलेली असतानाच करावी, कारण कडीला हात लागताच जोड तात्पुरता सुधारतो. मीटर नसेल तर जंपर केबलचे एक टोक निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूला लावावे. एवढ्याने सेल्फ फिरू लागला तर अर्थिंगचा गुन्हा सिद्ध झाला.

या विभागणीत न बसणारी प्रकरणेही असतात. बॅटरीच्या आतला, दोन घरांमधला सांधा तडकला तर बॅटरी स्वतःच लहरी वागते: मीटरवर १२.६ दाखवते आणि भार पडताच शून्याकडे जाते. सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क जळालेले असतील किंवा सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजलेले असतील, तर सेल्फच्या बोल्टपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचूनही तो फिरत नाही. आणि ‘टक्’ सुद्धा वाजत नसेल, तर चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडची बारीक वायर आधी पाहावी.

जोड साफ करण्याचे काम पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याला गाडी धुतली जाते तेव्हा एकदा करावे. निगेटिव्ह कडी आधी काढावी आणि शेवटी बसवावी. पांढरी-निळसर पूड खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावी, ते पाणी बॅटरीच्या घरांत जाऊ देऊ नये, धातू चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, आणि कडी आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. केबलचे प्लास्टिक कडीजवळ फुगलेले दिसले तर ते थोडे कापून पाहावे. आत तांबे हिरवे-काळे पडले असेल तर कडी कितीही घासून उपयोग नाही, चकचकीत तांबे लागेपर्यंत केबल कापून नवी कडी बसवावी आणि लांबी अपुरी पडली तर केबलच बदलावी.