रेघ आपोआप सरळ का होत नाही?

आमच्या चित्रखेळाबद्दल हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून आधी त्याचंच उत्तर.

तुमचं बोट पडद्याला सलग दिसत नाही. पडदे सेकंदाला साधारण ६०, १२० किंवा त्याहून जास्त वेळा बोटाची जागा टिपतात. ते ठिपके जोडून रेघ काढणं हे खेळाचं काम. बोट झपकन फिरलं की ठिपके लांब लांब पडतात आणि सरळ जोडले तर गोल कोनेदार होतो. म्हणून आम्ही ते वक्र रेषेने जोडतो. एवढी मदत करावीच लागते.

थरथरही घालवायची, तर मागच्या काही ठिपक्यांची सरासरी काढावी लागते. मग रेघ गुळगुळीत होते खरी, पण बोटाच्या मागे रेंगाळते आणि मांजराच्या कानाचं टोक बोथट होतं. किती सुबकपणासाठी किती टोक गमवायचं, हे आम्ही कसं ठरवणार? म्हणून ते ठरवणारी सरकती पट्टी तुमच्या हातात दिली आहे. सुरुवातीला ती शून्यावर असते. अक्षरं काढताना थोडी सरकवा. गवत, केस, मिशा काढताना शून्यच बरं.

ओबडधोबड गोलाचं नेमकं वर्तुळ करून देणारी सोय आम्ही करून पाहिली होती. सगळ्यांचे सूर्य एकसारखे दिसू लागले, तेव्हा काढून टाकली.

रंग सोळाच आहेत, ब्रश चार. कमी वाटतील. १९६० साली बाजारात आलेल्या एच अ स्केच या चित्रं काढायच्या खेळण्याला तर दोनच चकत्या होत्या, एक आडव्या रेघेची, एक उभ्या. रेघ उचलताही येत नसे. तरी लोकांनी त्यावर माणसांचे चेहरे काढले.

बादलीने रंग ओतल्यावर सगळा पडदाच रंगला, तर खेळ बिघडलेला नाही. तुमच्या रेघेत कुठेतरी फट आहे. एका पिक्सेलचीही पुरते. 'मागे' दाबा, चित्र मोठं करा, फट बुजवा. 'पाटी पुसा' हे बटणही 'मागे'ने परतवता येतं (लहान मुलं ते हमखास दाबतात).

गुण आणि तारे मुद्दाम ठेवलेले नाहीत. ते द्यायचे तर चांगलं चित्र कोणतं हे खेळाने ठरवायला हवं.

बोटाखाली रेघेचं टोक झाकलं जात असेल, तर सेटिंगमध्ये 'टोक वर' निवडा: रेघ बोटाच्या थोडी वर उमटेल. सवय व्हायला दोन-तीन चित्रं लागतात.