डेटाबेसवरील संसाधनमर्यादा

सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसने मेमरी, प्रोसेसर, डिस्क आणि कनेक्शन किती वापरावीत याला घातलेला बांध म्हणजे संसाधनमर्यादा. हा बांध दोन जागी घालता येतो: डेटाबेसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, किंवा बाहेरून, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर. दोन्हीकडे एकच आकडा लिहिला तरी परिणाम सारखा होत नाही. आतली मर्यादा डेटाबेसला ठाऊक असते, त्यामुळे तिच्यात बसेल अशी कामाची आखणी तो करतो. बाहेरची मर्यादा त्याला बहुधा तिच्यावर आदळल्यावरच कळते.

मर्यादेची गरज डेटाबेसच्या स्वभावातूनच येते. डिस्कवरून वाचलेली पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) पुन्हा लागतील म्हणून तो मेमरीत ठेवतो, आणि जागा मिळेल तोवर ठेवत राहतो. हा दोष नव्हे, त्याचा वेग त्यावरच उभा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये कमाल मेमरीचा मूळ आकडा २,१४,७४,८३,६४७ मेगाबाइट, म्हणजे व्यवहारात अमर्याद असतो. मोंगोडीबी या डेटाबेसची कॅशे (मेमरीत ठेवलेला असा साठा) मूळ सेटिंगनुसार एकूण मेमरीतून १ जीबी वजा जाता उरेल त्याच्या निम्म्यापर्यंत वाढते. यंत्रावर आपण एकटेच आहोत असे हे डेटाबेस धरून चालतात. त्याच यंत्रावर वेब ॲप्लिकेशन किंवा दुसरा डेटाबेस आला की हे गृहीतक मोडते.

पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) या डेटाबेसमध्ये सर्वाधिक फसगत होते ती 'वर्क मेम' या सेटिंगवर. सामाईक कॅशे ठरवणारे 'शेअर्ड बफर्स' तसे सरळ आहे: मूळ किंमत १२८ मेगाबाइट, आणि डेटाबेससाठीच राखलेल्या सर्व्हरवर एकूण मेमरीच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी असे अधिकृत मार्गदर्शिका सांगते. वर्क मेमची मूळ किंमत फक्त ४ मेगाबाइट आहे, पण ती संपूर्ण डेटाबेसची नसते आणि एका कनेक्शनचीही नसते. क्वेरीतल्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या) प्रत्येक सॉर्टला (क्रमवारीला) आणि प्रत्येक हॅशला (नोंदी जोडण्यासाठी किंवा गटवण्यासाठी मेमरीत बनवलेल्या तक्त्याला) ती स्वतंत्र मिळते. १५व्या आवृत्तीपासून हॅशला तर मुळातच दुप्पट. अहवाल लवकर निघावेत म्हणून कोणी ती ६४ मेगाबाइट केली, २०० कनेक्शन आहेत आणि प्रत्येकाच्या क्वेरीत दोन सॉर्ट आहेत, तर २०० × २ × ६४ म्हणजे २५,६०० मेगाबाइटची मागणी होऊ शकते. महिनोन्महिने हे घडत नाही, आणि गर्दीच्या एखाद्या दिवशी घडते. म्हणून पोस्टग्रेसवरची खरी मेमरीमर्यादा कनेक्शनच्या संख्येत दडलेली आहे. ही कमाल संख्या मुळात १०० असते, मायएसक्यूएलमध्ये १५१. ती वाढवत नेण्यापेक्षा मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर (तीच कनेक्शन अनेकांना आळीपाळीने वापरू देणारा मध्यस्थ) बसवून मोजक्या कनेक्शनवर काम भागवणे केव्हाही चांगले. अहवाल काढणाऱ्या एकट्या युजरपुरती वर्क मेम वाढवता येते. ती सर्वांसाठी वाढवण्याचे कारण क्वचितच असते.

बाहेरून मर्यादा घालण्याचे लिनक्सवरील मुख्य साधन म्हणजे कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, सीग्रुप्स: प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा घालणारी सोय. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे काम जानेवारी २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२४ आवृत्तीत आले, आणि त्याची नवी घडण २०१६ मध्ये ४.५ आवृत्तीत स्थिर झाली. सिस्टिमडीतील (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधील) सेवांच्या मर्यादा आणि कंटेनरच्या (इतरांपासून वेगळे ठेवून चालवलेल्या ॲप्लिकेशनच्या) मर्यादा यावरच उभ्या आहेत. प्रोसेसर कमी दिला तर काम रेंगाळते. मेमरी संपली तर काम रेंगाळत नाही, तुटते: कर्नल एखादी प्रोसेस मारून टाकतो. पोस्टग्रेसची एक बॅकएंड प्रोसेस (एका कनेक्शनचे काम पाहणारी) अशी मेली की सामाईक मेमरी शाबूत असल्याची खात्री उरत नाही, म्हणून मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शन तोडते आणि ट्रान्झॅक्शन लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) डेटाबेस पुन्हा उभा करते. एकाच्या बेफाम क्वेरीची शिक्षा सगळ्यांना होते. त्यामुळे बाहेरचा आकडा आतल्या आकड्यांच्या बेरजेहून बराच मोठा हवा. त्यात फाइल वाचताना कर्नलने ठेवलेली कॅशेही मोजली जाते, आणि पोस्टग्रेस त्या कॅशेवर फार अवलंबून असतो. कर्नलने असेल त्याहून जादा मेमरीचे वाटप मुळात करूच नये असे सेटिंगही मार्गदर्शिकेत सुचवलेले आहे. मग मेमरी न मिळालेली क्वेरी त्रुटी देऊन थांबते आणि इतरांचे काम चालू राहते.

प्रोसेसरचा कोटा मोजला जातो तो सहसा १०० मिलिसेकंदांच्या खंडांत. आठ कोअरच्या यंत्रावर डेटाबेसला दोन कोअरइतका कोटा दिला आणि आठ प्रोसेस एकदम कामाला लागल्या, तर कोटा २५ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सगळ्या गोठतात. गोठलेल्यांपैकी एखादीच्या हातात लॉक (त्याच डेटावर इतरांना थांबवणारे कुलूप) असेल तर तेही तितका वेळ अडकून राहते. शक्य तिथे कोट्याऐवजी वजन, म्हणजे इतरांच्या तुलनेतला वाटा, द्यावे. वजनाची मूळ किंमत १०० आहे, ते १ ते १०,००० देता येते, आणि त्याचा परिणाम ओढाताण झाली तरच दिसतो. एखाद्याच बॅकएंडची प्राथमिकता 'नाइस' या लिनक्सच्या सोयीने उतरवणे मात्र धोक्याचे. ती लॉक धरून मागे पडली, तर तातडीची कामे तिच्यामागे रांगेत उभी राहतात.

डेटाबेसच्या आत अशा मर्यादांची सोय ऑरॅकलने ८आय आवृत्तीपासून रिसोर्स मॅनेजरच्या रूपाने दिली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिसोर्स गव्हर्नर २००८ च्या आवृत्तीत आला. त्यातली प्रोसेसरची 'कमाल' टक्केवारी स्पर्धा असेल तेव्हाच लागू होते. पक्की मर्यादा २०१२ मध्ये आणि डिस्कवरील मर्यादा २०१४ मध्ये मिळाली. मायएसक्यूएल ८.० मधील रिसोर्स ग्रुप फक्त प्रोसेसरची निवड आणि थ्रेडची प्राथमिकता ठरवतात. पोस्टग्रेसच्या गाभ्यात प्रोसेसरवर मर्यादाच नाही. क्वेरीला वेळमर्यादा देणे एवढेच हातात राहते.

डिस्कचा वेग रोखताना ट्रान्झॅक्शन लॉग सांभाळावा लागतो, कारण प्रत्येक कमिट (बदल कायम करणे) त्याच्यावर थांबते. जागेच्या बाबतीत पोस्टग्रेसमधील 'मॅक्स वॉल साइझ' (वॉल म्हणजे हाच लॉग) हे नाव दिशाभूल करते. त्याचा १ जीबी हा मूळ आकडा पक्का नसतो: भार वाढला, आर्काइव्ह (लॉगची प्रत दुसरीकडे साठवणे) अडले किंवा एखादा रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरने लॉग कुठवर घेतला याची नोंद) मागे राहिला की लॉग त्यापुढे जातो, आणि त्याची डिस्क भरली की सर्व्हर बंद पडतो. स्लॉटसाठी किती लॉग धरून ठेवायचा याला १३व्या आवृत्तीपासून वेगळी मर्यादा देता येते. पण मूळ स्थितीत तीही अमर्यादच असते.