हलगी फोनमध्ये का फाटते : मोबाईलच्या आवाजाची पार्श्वभूमी

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की शेकडो हात फोन घेऊन वर होतात आणि संध्याकाळपर्यंत ते व्हिडिओ घरोघरी पोहोचलेले असतात. चित्र स्वच्छ असते, नंदीध्वजाला बांधलेले बाशिंगसुद्धा स्पष्ट दिसते. हलगी मात्र फाटलेली ऐकू येते आणि सनई पत्र्याच्या डब्यात वाजत असल्यासारखी वाटते. कॅमेरा एवढा सुधारला असताना आवाजाची ही अवस्था का, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला होता. त्याचे उत्तर माईकच्या किमतीत थोडेसेच सापडते. फोन हे बोलण्याचे यंत्र आहे आणि बोललेले समजले की त्याचे काम झाले, असे टेलिफोनच्या आरंभीच्या काळात ठरले आणि पुढचे सगळे त्या पायावर उभे राहिले.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, आवाज ऐकतो. टेलिफोन कंपन्यांना एकाच तारेवरून अनेक संभाषणे न्यायची होती, त्यामुळे प्रत्येक संभाषणाच्या वाट्याला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा आला, आणि एवढ्यात बोलणारा ओळखू येतो व शब्द कळतात, हे अनुभवाला आल्यावर तो कायम झाला. पुढे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत आली, तेव्हाही याच पट्ट्यापुरती, म्हणजे सेकंदाला ८००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट, असा ६४ किलोबिटचा हिशेब धरण्यात आला. ‘स’चा सीत्कार बराचसा ४००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणूनच फोनवर नाव सांगताना ‘स, सोलापूरचा स’ असे सांगण्याची वेळ आपल्यावर येत असे.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून मोबाईल सेवेचा प्रारंभ केला. या नव्या फोनला हवेतील लहरींवर काम करायचे होते आणि तिथे जागेची टंचाई तारेपेक्षाही मोठी होती. त्यामुळे जीएसएम या मोबाईल तंत्राच्या मूळ पद्धतीत ६४ किलोबिटचे बोलणे १३ किलोबिटमध्ये बसवले गेले. हे कसे साधले, ते समजून घेण्यासारखे आहे. आवाज जसाच्या तसा न पाठवता फोन दर २० मिलिसेकंदांच्या तुकड्यावरून बोलणाऱ्याचा घसा आणि तोंड त्या क्षणी कोणत्या आकारात असेल याचा अंदाज बांधतो, तेवढी माहिती पाठवतो आणि पलीकडचा फोन तिच्यावरून आवाज पुन्हा घडवतो. माणसाच्या गळ्याचे गणित मांडलेल्या या पद्धतीत सनई आली, की तिलाही गळाच समजले जाते. कॉलर ट्यूनचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना मूळ गाणे आणि फोनवर ऐकू येणारे त्याचे घोगरे, मध्येच बुडून वर येणारे रूप यांतला फरक वेगळा सांगावा लागणार नाही.

गाणी ऐकण्याची वाट मात्र या पट्ट्याबाहेरून आली. एमपी३ने सीडीवरचा सेकंदाला १४११ किलोबिटचा आवाज १२८ किलोबिटमध्ये, म्हणजे सुमारे अकराव्या हिश्शात आणला आणि मेमरी कार्डाचे फोन स्वस्त होताच सोलापुरातल्या नवी पेठेतल्या दुकानांत कार्ड भरून घेणाऱ्यांची रीघ लागली. मिनिटाला सुमारे एक एमबी धरला, तर एक जीबीच्या कार्डात पाच-पाच मिनिटांची दोनशे गाणी बसत. ती गाणी अनेकदा कॉपीची कॉपी, पुन्हा लहान केलेली अशी असत. आवाजाची खरी हानी फोनमध्ये होण्याआधी तिथेच झालेली असे, आणि दोष मात्र फोनला मिळे. मोठ्या आवाजाच्या चिनी फोनांची लाट याच काळातली. नोव्हेंबर २००९च्या अखेरीस आयएमईआय हा ओळख क्रमांक नसलेल्या फोनांची सेवा बंद झाली आणि ही लाट ओसरली.

फोनच्या स्पीकरची मर्यादा मात्र निसर्गाने घातलेली आहे. खर्जाचा आवाज काढायचा तर बरीच हवा हलवावी लागते आणि नखाएवढ्या पडद्याला ते शक्य नसते. म्हणून डग्ग्याचा घुमारा फोनवर जवळजवळ नाहीसा होतो. तरीही तो ऐकल्यासारखा वाटतो, कारण वरचे स्वर कानावर पडले की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. अलीकडच्या फोनांत पडदा किती हलतो आणि किती तापतो यावर लक्ष ठेवून त्याला सुरक्षित हद्दीच्या टोकापर्यंत नेणारे अॅम्प्लिफायर असतात. त्यामुळे आवाज पुष्कळ सुधारला आहे, पण पखवाजाचा घुमारा ऐकायचा असेल तर हेडफोन लावण्याला पर्याय नाही.

रेकॉर्डिंगची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि माझ्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. २००८च्या यात्रेत मी माझ्या तेव्हाच्या साध्या फोनवर हलगी आणि सनई ध्वनिमुद्रित केली होती. ती फाइल एएमआर प्रकारची होती. एका मिनिटाला शंभर केबीसुद्धा लागत नसत, कारण फोनने रेकॉर्डरसाठीही संभाषणाचीच पद्धत वापरली होती. ती आजही माझ्याकडे आहे. लक्ष देऊन ऐकले की तीन गोष्टी वेगवेगळ्या कळतात. वरचा पट्टा कापला गेल्यामुळे सनईची धार गेली आहे. टिपरू पडते त्या क्षणी आवाजाचा दाब यंत्रणेच्या हद्दीबाहेर गेल्याने माथा छाटल्यासारखा होऊन आवाज फाटतो. तिसरा दोष सर्वांत त्रासदायक आहे. हलगीचा ठोका पडताच फोन सगळाच आवाज दाबतो, त्याबरोबर सनई बुडते. मग हळूहळू आवाज वाढत गर्दीचा गलका वर येतो, तोच पुढचा ठोका पडतो. लोहाराच्या भात्यासारखी ही वरखाली फाइलभर चालू आहे. जवळचा माणूस आणि लांबचा माणूस सारख्याच आवाजात ऐकू यावेत, म्हणून बसवलेली ही सोय वाद्याचा सगळा चढउतार सपाट करते.

माईक स्वतः तोवर बराच पुढे गेला होता. बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ मध्ये तयार केलेला इलेक्ट्रेट माईक स्वस्त आणि लहान होता. २०००च्या दशकात त्याची जागा सिलिकॉनच्या, काही मिलिमीटरच्या माईकने घेतली. असे बरेच माईक साधारण १२० डेसिबलच्या आसपास हात टेकतात, आणि हलगी हातभर अंतरावर असेल तर तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. २०१२च्या नोकिया ८०८ प्युअरव्ह्यूमध्ये प्रचंड आवाजही न फाटता टिपणारे माईक मुद्दाम बसवले होते, पण तो मार्ग सर्वसाधारण फोनांनी फारसा धरला नाही.

त्याऐवजी गोंगाट काढून टाकण्यावर भर आला. २०१०च्या नेक्सस वनमध्ये तोंडाजवळ एक आणि पाठीमागे एक असे दोन माईक होते. मागच्या माईकला जे ऐकू येते ते पुढच्यातून वजा करायचे, ही कल्पना. यंत्रमागाच्या शेडमधून बोलणाऱ्यांसाठी हे वरदानच ठरले. तिथे आवाज ९० डेसिबलच्या वर जातो आणि पूर्वी घरच्यांशी बोलायचे तर बाहेर रस्त्यावर यावे लागे. पण याच सोयीची दुसरी बाजू मी पाहिली आहे. बाहेरगावच्या एका नातेवाइकाला व्हिडिओ कॉलवर चादरीचा माग चालताना दाखवत होतो, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळताना दिसत होता, मला कानठळ्या बसत होत्या आणि तो पलीकडून विचारत होता, “काका, माग बंद आहे का?” फोनच्या दृष्टीने माग हा गोंगाट होता आणि त्याने तो पुसून टाकला होता.

बोलण्याचा पट्टाही अखेर रुंदावला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा आल्यावर व्होल्टीई, म्हणजे ४जी जाळ्यावरून बोलण्याची सोय, सर्वदूर पोहोचले आणि दोन्हीकडचे फोन व जाळे अनुकूल असेल तर ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जाऊ लागला. ‘स’ पुन्हा ‘स’सारखा ऐकू आला. ब्लूटूथ इअरफोनवर मात्र जुना वारसा अजून भेटतो : गाणे चांगले वाजत असते आणि माईक सुरू होताच तेच गाणे दबके होते, कारण जोडणी संभाषणाच्या पद्धतीवर जाते.

अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, अॅपला माईकचा प्रक्रिया न केलेला आवाज मागता येतो, पण तो देणे प्रत्येक फोनला बंधनकारक नाही. ज्या रेकॉर्डर अॅपमध्ये गोंगाट कमी करणे आणि आपोआप आवाज जुळवणे या दोन्ही सोयी बंद करता येतात, ते निवडावे आणि हलगीपासून पंधरा-वीस पावले मागे उभे राहावे. गेल्या वर्षी मी असेच शेडच्या आत न जाता अंगणातून मागाचा आवाज घेतला. धोट्याच्या मागांच्या जागी आता रॅपिअर माग येत आहेत, त्यांचा आवाज वेगळा असतो. अंगणातल्या त्या फाइलमध्ये धोटा एका टोकाला आदळल्याचा आणि परत आल्याचा, असे दोन ठोके वेगवेगळे ऐकू येतात.