टॉवर बंद, तरी निरोप पोचतो तो कसा?

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं काय केलं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली की हातातला फोन टॉर्चपुरता उरतो.

एका यंत्राकडून दुसऱ्याकडे असा हातोहात छोटा लेखी निरोप पोचवणाऱ्या आमच्या यंत्राला टॉवर लागत नाही. समजा, चिखलीतून सोनतळीला निरोप धाडायचा आहे आणि तेवढा पल्ला एका दमात झेपत नाही. मग यंत्र आधी हाळी देतं, "अमुक नंबर कुणाला ठाऊक आहे का?" ऐकणारं प्रत्येक यंत्र ती हाळी एकदाच पुढं देतं आणि ती कुणाकडून आली, एवढं टिपून ठेवतं. हवं ते यंत्र सापडलं की उत्तर त्याच खुणांवरून माघारी येतं. झाली वाट तयार. (नंबर यासाठी, की नुसतं 'पाटील' म्हटलं तर अर्धं गाव ओ देईल.) ही युक्ती आमची नव्हे. 'एओडीव्ही' नावानं तिचा तपशील २००३ सालीच प्रसिद्ध झालाय.

खरी गंमत पुढं आहे. मधलं यंत्र ट्रॅक्टरवर असलं आणि ट्रॅक्टर निघून गेला, तर वाट तुटते. तुटलेल्या जागेच्या अलीकडं असलेलं यंत्र मागं कळवतं, "इथून पुढं रस्ता नाही," आणि नवी हाळी सुटते. प्रत्येक वाटेला अनुक्रमांक असतो. मोठा अनुक्रमांक म्हणजे ताजी खबर. त्यामुळं शिळ्या माहितीवर निरोप गोल गोल फिरत बसत नाही.

सगळ्या वाटा कायम तयार ठेवणाऱ्याही पद्धती आहेत, पण त्यात यंत्रं काम नसतानाही आपसात बोलत राहतात आणि बॅटरी खातात. म्हणून आम्ही त्या घेतल्या नाहीत. त्याची किंमत एवढीच, की पहिल्या निरोपाला वेळ लागतो. तेव्हा बटण सारखं दाबू नका. एक यंत्र बोलताना शेजारच्यांना गप्प बसावं लागतं, तुमच्या घाईनं सगळ्यांचीच रांग वाढते. फोटो आणि आवाज यावरून जात नाहीत, फक्त छोटा मजकूर जातो. तो कुलूपबंद असतो, मधल्याला वाचता येत नाही.

"आम्हाला काही कळवायचं नसलं तर बंद ठेवू का?" असं बरेच जण विचारतात. कृपा करून ठेवू नका. दोन वाड्यांमधला एकमेव दुवा कदाचित तुमचंच यंत्र असेल. ते माळ्यावर, खिडकीशी ठेवा. लोखंडी कपाटात ठेवलंत तर ते बहिरं आणि मुकं.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आहे. पाणी तिथं आलं की यंत्र पूर्ण चार्ज करा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.